कासवाचा डोळा

त्या दिवशी सकाळी बाबांनी तिसरा मुटका मागितला, तेव्हाच मुवानच्या लक्षात आलं की आज स्वारी खुशीत आहे. एरवी त्यांचं पोट दीडातच भरायचं.

"दोन झाले, बाबा."

"बापाचे घास मोजतेस? आण इकडे. आणि मिरची जरा सढळ हाताने लाव. डोळे म्हातारे झालेत, जीभ नाही."

तिने पानाची गुंडाळी सोडली आणि मक्याचा वाफाळता मुटका त्यांच्या तळहातावर ठेवला. ते उंबऱ्यात बसले होते, ऊन मांडीवर येईल अशा बेताने. पायाशी कुत्रं पसरलं होतं. बाबांचा घास खाली सांडतो हे त्याला ठाऊक झालं होतं, त्यामुळे हल्ली ते दुसऱ्या कुणाच्या पायाशी बसतच नसे.

"काल तू तळ्यावर गेलीस तेव्हा चितम आला होता," बाबा म्हणाले. "तो कापूसवाला. नाव रानडुक्कर, आणि पेल्यावर वाघ काढून हवाय. ठिपक्यांचा."

"मग?"

"मी म्हटलं, अरे राजा, तुझ्या आईने तुला डुक्कर म्हणून हाक मारली. मी वाघ काढला तर मेल्यावर ती तुला ओळखेल कशी?"

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बरं, डुक्कर तर डुक्कर, पण निदान ठिपके तरी द्या."

मुवान हसली आणि बाबाही हसले. हसताना त्यांच्या तोंडातला घास सांडला आणि कुत्र्याचं काम झालं.

पेल्यांवर नावं लिहिणं हा त्यांचा धंदा. राजापासून कापूसवाल्यापर्यंत ज्याला परवडेल त्याचा कोको पिण्याचा पेला असायचा, आणि पेल्याच्या काठावर पेला कुणाचा हे लिहिलेलं असायचं. माणूस मेला की पेला त्याच्यासोबत जायचा. नावांत प्राणी फार. वाघ, लाल पोपट, साप, सुसर, वटवाघूळ. तसं नाव लिहायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे आवाजाची चिन्हं एकापुढे एक मांडत जायचं. दुसरी म्हणजे सरळ त्या प्राण्याचं डोकं काढायचं. घाईचं काम करणारे पहिली धरत. बाबा हट्टाने दुसरी धरायचे. "आवाज मांडले की नाव ऐकू येतं," ते म्हणायचे, "पण डोकं काढलं की नाव आपल्याकडे बघतं."

बघायचं तर डोळा हवा. तो सगळ्यांत शेवटी काढायचा, आणि काढायचा तो बाबांनीच. बाकी सगळं मुवानच्या हाती. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हापासून मातीचा घोळ करणं, पेला घोटणं, रेघा ओढणं, पंख, शिंगं, दात, सगळं ती करू लागली. डोळ्यापाशी आली की थांबायची आणि पेला बाबांच्या मांडीवर ठेवायची. बाबा करंगळीने ओल्या रेघेचा अंदाज घ्यायचे, शंखाच्या दौतीत कुंचला बुडवायचे आणि एकाच टेकणीत ठिपका द्यायचे. गावात त्या पेल्यांना कुणी पेले म्हणत नसे. याश आकचे डोळे, असं म्हणत.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. मक्याच्या पेजेवर साय धरते, तसा. पहिल्यांदा ठिपका चुकला तो राजाच्या पुतण्याच्या पेल्यावर. वाघाचा डोळा नाकावर पडला होता. मुवानने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाबा म्हणाले, "कसा बघतोय बघ लेकाचा!" आणि समाधानाने मागे भिंतीला टेकले.

तिने तोंड मिटलं. ते जेवायला आत गेल्यावर कापसाचा बोळा थुंकीने भिजवला, नाकावरचा ठिपका पुसला आणि जिथे असायला हवा होता तिथे नवा दिला. एकदाच, असं तिला वाटलं होतं. सण होऊन जाऊ दे, मग सांगू. मग दुसरा पेला आला, मग तिसरा. पेले आव्यात भाजले की पुसायची सोय उरत नाही, म्हणून तिचा बोळा नेहमी ओला असायचा.

सगळ्यांत अवघड असायचं ते बाबा राजवाड्यातून परत येत तेव्हा. "आज खुद्द राजा म्हणाला, याश आकचे डोळे म्हातारपणी अधिकच जिवंत झालेत." हे ते तिला तीनतीनदा सांगायचे. ती "हो का?" म्हणायची आणि मान खाली घालून घोटत राहायची.

मुटका संपवून बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "तो रिकामा पेला आण. आठ दिवसांपूर्वी वाळत ठेवलास तो."

"कुणाचा काढायचा?"

"माझा."

मुवान जागच्या जागी थबकली. चाळीस वर्षं लोकांचे पेले रंगवले, पण या घरात बाबांच्या नावाचा पेला नव्हता. ते भोपळ्याच्या वाटीतून प्यायचे.

"आज मधेच काय सुचलं?"

"मधेच काय? कासवाला घाई असते होय?" याश आक म्हणजे हिरवं कासव, स्वतःच्या नावावरचे सगळे विनोद त्यांनी आधीच करून ठेवलेले असायचे. "दे, आणि तू जा साक मावशीकडे. हा मी सगळा एकटा करणार."

"रेघासुद्धा?"

"रेघासुद्धा. जा गं."

साक मावशी म्हणजे शेजारची कुंभारीण, आवा तिचाच. मुवान तिच्याकडे गेली खरी, पण चित्त तिचं उंबऱ्यात राहिलं. ती सहा वर्षांची असताना बाबांनी तिला नदीवर नेलं होतं आणि अर्धा दिवस एका कासवापुढे बसवलं होतं. कासवाने डोकं आत घेतलेलं. "बाबा, काहीच दिसत नाहीये," ती कुरकुरली होती. "मान बघू नकोस," बाबा म्हणाले होते. "ते बाहेर यायचं ठरवतंय. ते ठरवणं बघ." तिचं नाव इश मुवान, म्हणजे ससाणी, पण तिची नजर तीक्ष्ण केली ती त्या अर्ध्या दिवसाने.

"लक्ष कुठंय तुझं? पेल्याची कडा फुगली बघ," साक मावशी खेकसली.

"बाबा आज स्वतःचा पेला करतायत."

साक मावशीने हातातला गोळा खाली ठेवला. "बघ तरी. माझ्या नवऱ्यानेही शेवटी—" इतकं बोलून ती मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलू लागली.

मुवान परतली तेव्हा पेला फळीवर ठेवलेला होता, वर फडकं. बाबांच्या बोटांवर काळा रंग, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. दमलेले दिसत होते, पण चेहरा निवांत होता.

"उद्या आव्यात दे. आणि त्याला हात लावायचा नाही."

"का?" तिने विचारलं.

"माझा आहे म्हणून. अजून काय?"

दिवेलागणीला बाबा चटईवर आडवे झाले आणि मुवान सवयीने फळीपाशी गेली. बोळा कधी भिजवला हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने फडकं उचललं. कासवाची पाठ एका अंगाला कलली होती. मान लांबट, चोच जाड. आणि डोळा डोक्यात नव्हताच. तो डोक्याच्या पुढे, रिकाम्या मातीत पडला होता, चालता चालता झोळीतून काही पडावं तसा.

बोळा पेल्यापासून बोटभर अंतरावर आला होता.

"मुवान," बाबा चटईवरून म्हणाले.

"काय?"

"चुलीतली आग झाकलीस?"

"झाकते."

तिने फडकं परत टाकलं. सकाळी उजेडात बघू, असं मनाशी म्हणाली. सकाळी सांगूनच टाकू.

सकाळी तिने पेज ढवळली आणि हाक मारली. मग दुसरी हाक मारली. तिसरी मारायची वेळ आली नाही. कुत्रं चटईपाशी उभं होतं आणि आज काही मागत नव्हतं.

मग घर माणसांनी भरलं. आतल्या खोलीत, जिथे आईला पुरलं होतं, तिथली जमीन पुरुषांनी खणायला घेतली. साक मावशीने बाबांना अंघोळ घातली. त्यांच्या नाकावरचा रंग काही केल्या निघेना. मुवान म्हणाली, "राहू दे तो."

दुपारच्या आत सुत्स आला. सुत्स म्हणजे वटवाघूळ. तो राजवाड्यातल्या लेखनिकांचा मुख्य होता, पण कुंचला कसा धरायचा ते याच उंबऱ्यात शिकला होता. मृतदेहापाशी बसून तो लहान मुलासारखा रडला. मग तोंड धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, "पेला दाखव. आव्यात जायला हवा, उद्या फिरवायचा आहे."

मुवानने पेला त्याच्या हातात दिला. सुत्सने तो फिरवत वाचायला सुरुवात केली. "हा पेला, कोको पिण्याचा... याश..." तो थांबला. पेला उजेडात धरला. "हे गुरुजींनी केलं?"

"कालच. एकट्याने."

सुत्स आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, हे असं नाही चालणार. उद्या दरबारातला प्रत्येक जण यातून घोट घेणार, नाव वाचणार. चाळीस वर्षं ज्या माणसाचे डोळे नावाजले, त्याच्या पेल्यावर हे? लोक म्हणतील, शेवटी हात गेला होता. आणि मेल्यावर खालच्या पाण्यापाशी नावं वाचली जातात. तिथे कासव ओळखू आलं नाही तर गुरुजी काठावरच बसून राहतील." त्याने पेला तिच्या हातात परत दिला. "माती अजून कच्ची आहे. तुझा हात चांगला आहे, मला ठाऊक आहे. पूस आणि नीट काढ. मी कुणापाशी बोलणार नाही."

"त्यांनी सांगितलं होतं, हात लावायचा नाही."

"त्यांना दिसत नव्हतं, ताई!" सुत्सचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "त्यांना दिसत असतं तर त्यांनीच पुसलं असतं."

हे खरंच होतं. मुवान पेला घेऊन मागच्या ओट्यावर बसली. शेजारी दौत, कुंचला, बोळा. पलीकडे साक मावशी लाकडं रचत होती. तिने ओरडून सांगितलं, "ऊन उतरायच्या आत दे गं, नाहीतर आवा धरायचा नाही!"

तीन वर्षं जे केलं ते आता करायला काय हरकत होती? आता तर बाबांना कळायचाही प्रश्न नव्हता. ते काठावर बसून राहतील, हे शब्द तिला टोचत होते. काल फडक्याखाली तिने एकच बाजू पाहिली होती. आता तिने पेला पुढे फिरवला.

कासवानंतर अजून लिहिलेलं होतं. "इश मुवानच्या बापाचा."

असं कुणी लिहीत नाही. पेल्यावर आईबापांची नावं येतात, राजाचं येतं. बापाच्या पेल्यावर लेकीचं नाव तिने आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी ससाणीचं डोकं. चोच वाकडी, पिसं एकमेकांवर चढलेली. पण डोळ्याची जागा कोरी होती. त्या जागेभोवती त्यांनी वर्तुळ काढलं होतं, चांगलं मोठं, आत काही नाही.

विसरले असतील. थकले असतील आणि कुंचला ठेवला असेल. नाहीतर—

तिने ती जागा करंगळीने चाचपली. वाळलेल्या रंगाचा कंगोरा बोटाला लागला. चाळीस वर्षांत बाबांनी बिनडोळ्याचा प्राणी हातातून सोडला नव्हता. नदीवर बसून त्यांनी तिला एका बंद पाठीकडे अर्धा दिवस बघायला लावलं होतं. तो माणूस तीन वर्षं तिच्या शेजारी बसला होता. ते आत जेवत असताना बोळा भिजवल्याचा आवाज, पेला हलवल्याचा आवाज, त्यांचे कान तर शाबूत होते. की हे सगळं आता तिलाच हवंय म्हणून दिसतंय? विचारायला कुणी नव्हतं. काल विचारता आलं असतं. काल तर ती साक मावशीकडे कडा फुगवत बसली होती.

तिने कुंचला दौतीत बुडवला आणि ससाणीला डोळा दिला. एकाच टेकणीत. मग बोळा उचलला आणि ओट्यावरून खाली फेकला. कुत्र्याने तो हुंगला आणि सोडून दिला.

"घे, मावशी."

सुत्सने पेला पाहिला, कासव तसंच आहे हे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण आव्याला लाकडं लावायला तो साक मावशीच्या मदतीला बसला, दरबारी वस्त्र राखेत लोळेपर्यंत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला निघाला. तडा नव्हता. बुडाशी एका अंगाला धुराचा काळा डाग पडला होता, एवढंच. मुवानने कोको फेसाळला, पेल्यात ओतला आणि पेला हातोहात फिरू लागला. प्रत्येक जण घोट घ्यायचा, काठ फिरवून पाहायचा आणि घाईने पुढे द्यायचा. खोलीत नुसते घोटांचे आवाज. शेवटी राजाचा म्हातारा मामा, ज्याला कुठे काय बोलावं कधीच कळलं नाही, तो मोठ्याने म्हणाला, "अरे, या कासवाचा डोळा बाहेर पडलाय की!"

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"पडलेला नाही, मामा," मुवान म्हणाली. "ते जिथे निघालंय तिथे बघतंय."

म्हाताऱ्याने पेला डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "हां," तो म्हणाला. "मग बरोबर आहे." आणि अजून एक घोट घेतला, जो त्याच्या वाटणीचा नव्हता.

पेला सुत्सच्या हाती आला. वाचायचं काम त्याचं होतं. त्याने एकदा मुवानकडे पाहिलं, मग मान ताठ करून, भर दरबारात वाचावं तशा आवाजात वाचलं, "हा पेला कोको पिण्याचा. याश आकचा. इश मुवानच्या बापाचा." कुठे अडखळला नाही. नाव वाचता येत होतं.

मग त्यांनी बाबांना आईशेजारी उतरवलं. अंगावर हिंगुळाची लाल पूड टाकली. मरणाऱ्याला ज्याने शेवटचं जेवू घातलं त्याने आत उतरून तोंडात मक्याचा घास ठेवायचा, ही रीत. बाकीचे बाहेर ओट्यावर जाऊन थांबले. मुवान एकटी खाली उतरली. जागा अरुंद होती, तिला गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. बाबांच्या नाकाच्या शेंड्यावर काळा ठिपका तसाच होता.

तिने घास ठेवला. मिरची जरा सढळ हाताने लावली होती. पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, कासवाचं तोंड पायांच्या दिशेला, ससाणीचं त्यांच्याकडे. मग वर यायला हवं होतं. वरून सुत्सने विचारलंसुद्धा, "ताई, झालं?"

"थांब जरा," ती म्हणाली.

आणि मग ती नेहमीच्या आवाजात, फार मोठ्याने नाही आणि कुजबुजतही नाही, त्यांच्याशी बोलली.

"बाबा, डोळे मी बदलत होते. तुम्ही जेवायला गेलात की पुसायचे. राजाच्या पुतण्याच्या वाघापासून सगळे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असं मी मनाला सांगायचे. पण ते सगळं खरं नाही. राजाने वाहवा केली, हे तुम्ही येऊन सांगायचात ना, तीनतीनदा, तेव्हा मी मान खाली घालायचे. ती लाजेने नव्हे, बाबा. वाहवा मी काढलेल्या डोळ्यांची असायची, आणि मला आनंद व्हायचा."